घामाचा गौरव पुरे, नोंद लिहा

शेतकरी बाप गेला की त्याच्याविषयी काय लिहायचं ते बहुतेक आधीच ठरलेलं असतं. काबाडकष्ट केले, रक्ताचं पाणी केलं, स्वतः फाटकं नेसून मुलांना शिकवलं, अडाणी असून संस्कार दिले, गळ्यातली माळ कधी उतरवली नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चौकातल्या फ्लेक्सवर हेच, दशक्रियेच्या प्रवचनात हेच आणि पहिल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतही हेच. नाव आणि फोटो बदलला तर हा मजकूर शेजारच्या गावातल्या कोणत्याही बापाला चालतो, कारण त्यात त्या माणसाचं शेत कुठेच नसतं. जमीन हलकी होती की भारी, कोणत्या सालापासून त्याने कापूस सोडला आणि का सोडला, बोअरला पाणी कितव्या फुटाला लागलं, कोणाचं देणं राहिलं, बांधावरच्या बाभळीत वाटा कोणाचा, पेरणीला मूठ कोण धरायचं, यातलं एक अक्षर नसतं.

आदरापोटी लिहिलेल्या ओळींना नावं ठेवणं बरं दिसत नाही. तरी ठेवायला हवीत, कारण या गौरवाची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते. कष्ट काय, कोणीही उपसू शकतो असा आपला समज असतो. बापाला नुसतं कष्टाळू म्हटलं की त्याच्या चाळीस-पन्नास हंगामांतले निर्णय पुसले जातात आणि दया तेवढी उरते. शेतकऱ्याविषयीची आपली सगळी सार्वजनिक भाषा याच दयेवर पोसली आहे. अन्नदाता, बळीराजा, जगाचा पोशिंदा. असल्या पदव्यांनी आजवर कोणाच्या मालाला क्विंटलमागे रुपया जास्त मिळालेला नाही. उलट, शेती म्हणजे अक्कल नसलेल्यांनी अंग झिजवायचं काम, ही शहरात आणि आता गावातही रुजलेली समजूत त्यातून घट्ट होते. आणखी एक अडचण आहे. सुतार गेला तरी त्याची दारं-चौकटी राहतात. शेतकऱ्याचं काम दर हंगामात कापून, मळून, विकून संपतं. नोंद नसेल तर मागे दाखवायला काही राहत नाही.

डोकं कुठे लागतं ते पाहायचं तर नुसती सोयाबीनची पेरणी बघा. पेरणी जूनमध्ये दिसते, तिची सुरुवात मात्र आदल्या वर्षीच्या मळणीत असते. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. बियाण्यासाठी ठेवायचा माल मळताना यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० च्या वर गेले की दाणा वरून धडधाकट दिसतो, आतला कोंब मात्र दुखावलेला असतो. पोती उंचावरून आपटली, थप्पी फार उंच लावली, तरी तेच. म्हणून उगवणशक्ती घरी तपासायची. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० च उगवले तर ३५ किलो धरावं लागतं. त्याहून फार खाली गेलं तर ते बियाणं बाजारात विकून दुसरं आणलेलं बरं. हा हिशेब ज्याने मे महिन्यात केला नाही, त्याला तो जुलैत दुबार पेरणी करून समजतो.

मग पाऊस. पहिल्या सरीला तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, काढणारे शेजारी दरवर्षी असतात आणि त्यांचं पाहून घाई करण्याचा मोह आवरणं हेही एक कसब आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन टाकायचं नसतं. पण ओल पुरेशी झाली म्हणून लगेच पेरताही येत नाही, वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी स्थिती, यावा लागतो. चार-पाच बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि खाली टाकायचा. फुटला तर वाफसा, तसाच राहिला तर थांबायचं. ओल्यात पेरलं तर फणाला माती चिकटते, तासाच्या कडा लिंपल्यासारख्या होतात आणि बी चिखलात गुदमरतं. फार उशीर केला तर वरची ओल उडते. तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेला दाणा वर येता येता दमतो, आणि पेरणीनंतर जोराची सर येऊन वर कडक पापडी धरली तर उथळ पेरलेलाही अडकतो. भारी काळ्या रानात वाफसा यायला चार दिवस लागतात तेव्हा त्याच गटातल्या, म्हणजे एकाच गट नंबरच्या जमिनीतल्या, मुरमाड टेपावर तो दुसऱ्या दिवशीच असतो. दोन्हीकडे एकाच दिवशी तिफण घालणारा एका ठिकाणी हमखास चुकतो. कुठून सुरुवात करायची हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही, कारण पुस्तकाला तो गट माहीत नसतो.

लाकडी तिफणीने पेरणी होत असे तेव्हा चाड्यावरची मूठ, म्हणजे नळ्यांवरच्या वाटीत हाताने बी सोडणं, हा वेगळाच हुन्नर होता. बैलांच्या चालीशी मुठीचा वेग जुळला पाहिजे. मूठ सैल सुटली तर दाट उगवण आणि पुढे विरळणीची मजुरी, आखडली तर पिकात तुटाळ. तीनपैकी एक नळी मातीने बुजली की प्रत्येक तिसरं तास रिकामं जातं आणि ते आठवड्याने पीक उगवल्यावर कळतं. आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने काम उरकतं, त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. नळी त्यातही बुजते, मागे वळून बघणारा माणूस त्यालाही लागतो. मुद्दा असा की अनेक भागांत ती मूठ बाईची असे. मागे सरत्याने, म्हणजे दोरीने बांधलेल्या वेगळ्या नळीने, तूर टाकत जाणारीही बाईच. ‘बापाने पेरलं, बापाने पिकवलं’ या वाक्यात ती आधीच गाळली गेलेली असते. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.

‘अडाणी’ हा शब्द तर बंदच व्हावा. साधारण १९४५ ते १९५५ दरम्यान जन्मलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याने काय काय शिकून टाकलं ते पाहा. लहानपणी मोट हाकली, तरुणपणी ऑइल इंजिनाचा पट्टा चढवला, मग विजेची मोटार, मग ठिबक. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली आणि तिच्याबरोबर रासायनिक खतांच्या मात्रा. बहात्तरचा दुष्काळ पाहिला, त्यातून आलेल्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. गावठी गाय सोडून संकरित गाय बांधली, तिचा कासदाह ओळखायला शिकला. १९७०-७१ च्या गणनेत राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ ला ते १.३४ वर आलं. म्हणजे याच पिढीने जमीन तिसऱ्या हिश्श्यावर येताना घर चालतं ठेवलं. एका आयुष्यात तीन-चार वेळा धंद्याची सगळी रीत बदलणाऱ्याला कोणत्या अर्थाने अडाणी म्हणायचं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंत शिकले होते. १९८३ च्या सुमारास स्वतःच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या, पुढच्या वर्षी पुन्हा निवडल्या. त्यातून जो बारीक तांदूळ आला त्याला व्यापाऱ्याने तेव्हाच्या घड्याळाचं नाव दिलं आणि ‘एचएमटी’ देशभर गेला. पुढे कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेला वाण पीकेव्ही-एचएमटी म्हणून आला. दादाजी ३ जून २०१८ रोजी वारले. एचएमटी खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावं. ज्या शेतकऱ्याचं काम देशाच्या ताटात आहे त्याची ही गत, तर गावच्या एखाद्या हिकमती माणसाची काय असेल? लोंबी निवडणारी नजर, तिसऱ्या वर्षीही धीर न सोडणं, बियाणं ओल आणि भेसळ यांपासून वेगळं ठेवणं याला कष्ट म्हणत नाहीत. त्याला संशोधन म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावठी बियाणं सांभाळलं तेव्हाही ‘पद्मश्री’ जाहीर होईपर्यंत बहुतेकांच्या लेखी ती म्हातारपणाची हौस होती.

श्रद्धेविषयीही असंच भोंगळ बोललं जातं. कोणी तिला भोळा भाव म्हणून कवटाळतो, कोणी अंधश्रद्धा म्हणून झटकतो. शेतकऱ्याच्या श्रद्धेचा मोठा भाग म्हणजे कामाचं वेळापत्रक, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. सूर्य साधारण ७-८ जूनला मृगात जातो, २१-२२ जूनला आर्द्रात, २७ सप्टेंबरच्या आसपास हस्तात आणि प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. ही नक्षत्रं सूर्याची असल्यामुळे तारखा जवळपास ठरलेल्या आहेत. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये पेरा असं कृषी विभाग सांगतो, आणि उत्तरा-हस्तात पेरा असं बाप सांगतो, तेव्हा दोघे एकच गोष्ट सांगत असतात. अमावास्येला औत जुंपायचं नाही या नेमाने बैलाला महिन्यातून एक दिवस बिनबोभाट विश्रांती मिळे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावताना मालकाचा हात जुवाखालच्या घट्ट्यावरून फिरतो आणि जखम असेल तर ती त्याच दिवशी सापडते. याचा अर्थ सगळं शास्त्रशुद्ध होतं असा नाही. पंचांगात नक्षत्रागणिक दिलेलं पावसाचं वाहन बेडूक आहे की गाढव यावर पेरणी ठरवणाऱ्याचं नुकसानच होतं, आणि मान्सूनच सरकला तर मृगाचा मुहूर्त धरून बसण्यात अर्थ नसतो. कोणता नेम कामाचा होता आणि कोणता नव्हता, हे बापाच्या नोंदीत वेगवेगळं यायला हवं.

वारीचंही तसंच. माळकरी बापाच्या आठवणीत वारी असतेच. पण वारी कोणत्या दिवसांत येते ते पाहा. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या ज्येष्ठ वद्यात निघतात आणि आषाढी एकादशीपर्यंत तीन आठवड्यांच्या आसपासचा काळ वाटेत जातो. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. अठरा दिवसांचा फरक. लवकर आषाढी आलेल्या वर्षी वारकरी पंढरपुरात असताना रानात पेरणीची घाई असते, उशिरा आली तर पहिली कोळपणी आणि खुरपणी. मग घरी कोण होतं? बायको, भाऊ, म्हातारी आई, किंवा शेजारी ज्याच्याशी सावडीचा, म्हणजे एकमेकांच्या रानात आलटूनपालटून काम करण्याचा, करार होता. बापाची वारी चुकली नाही हे लिहिताना ती कोणामुळे चुकली नाही हेही लिहिलं पाहिजे. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडून पंढरी गाठली नाही आणि परंपरेने त्यांना उणं मानलं नाही. मळा सोडता न येणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र असा मान क्वचितच आला.

आता कुटुंब, म्हणजे सातबारा. गावात माणसाची सरकारी आठवण तेवढीच असते. बाप गेल्यावर वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर त्याचंच नाव राहतं, कधी कधी आजोबाचंही. अशी खाती इतकी साचली की २०२५ साली राज्याला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. मोहिमेची वाट पाहण्याची गरज नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ हा खात्याचा उतारा, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर अर्ज होतो, ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा गावच्या तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत जातं, मग फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि शेवटी मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे मुलींची नावं प्रतिज्ञापत्रात लिहिलीच जात नाहीत. दुसरं, मृताची आई हयात असेल तर तीही हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार विधवा, मुलगे आणि मुली यांच्याबरोबरची वारस असते, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिसरं, जमीन दुसऱ्या गावातही असेल तर तिथे वेगळी वर्दी द्यावी लागते. चौथं फार महागात पडतं. बापाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा असेल तर तो एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून नोंदलेला आहे, एकट्याचा मालक म्हणून नव्हे. तिथे त्याच्याच मुलांची नावं लावली की चुलत्यांचे आणि आत्यांचे हक्क कागदावरून उडतात आणि वीस वर्षांनी दावा उभा राहतो. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही ही रडकथा सर्वांना माहीत आहे, ती सोडून देऊ.

मुलींचा प्रश्न मात्र सोडता येत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला बाप हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. तरीही तेराव्याचं जेवण आवरतं न आवरतं तोच बहिणींना हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकाकडे नेलं जातं. माहेर तुटेल या धाकाने अंगठा उठतो. ज्या बापाने ‘मुला-मुलीत भेद केला नाही’ असं फ्लेक्सवर लिहिलेलं असतं, त्याच्याच फेरफारात मुलींची नावं लागून लगेच कमी होतात. स्वखुशीने हक्क सोडायला कोणाची ना नाही. पण तो सोडताना बहिणीसमोर जमिनीचा नकाशा, बोजा आणि अंदाजे किंमत ठेवली होती का, एवढं विचारून पाहावं. बायकोसाठी तर थांबण्याचंही कारण नव्हतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीनंतर १९९२ च्या शासकीय परिपत्रकाने नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. ती आजही फार थोडे चालतात. बाप जिवंत असताना एका अर्जाने जे होतं, त्यासाठी त्याच्या मागे आईला रांगेत उभं राहावं लागतं.

कर्जाबद्दलही श्रद्धा आणि कायदा वेगळे झाले आहेत, हे घराघरांत कळायला हवं. बापाचं ऋण मुलाने फेडलं नाही तर त्याला गती नाही, ही भावना मोठी आहे आणि तिचा मान ठेवावा. पण २००५ च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ मुलाचं धार्मिक कर्तव्य म्हणून मुलावर दावा लावता येत नाही. वारसाची जबाबदारी वारशाने आलेल्या मिळकतीपुरती असते. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा म्हणून दिसतं, ते जमिनीबरोबर येणारच. दारात येऊन ‘तुझ्या बापाने इतके घेतले होते’ म्हणणाऱ्या बिनपरवाना सावकाराचं तसं नाही. त्याचा धंदाच २०१४ च्या राज्याच्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. आडत्याकडची उचल, भावकीतली उसनवार, खताच्या दुकानाची उधारी यांची वही बापाच्या हयातीत घरच्यांनी पाहिलेली असेल तर तेराव्याच्या मांडवात फसवणूक होत नाही. बँकेत नामनिर्देशन असलं तरी तो माणूस फक्त पैसे स्वीकारतो, वाटा सगळ्या वारसांचाच राहतो. यावरून भाऊ-भाऊ तुटलेली घरं कमी नाहीत.

मग नोंद करायची ती कशी? घरात समोर बसवून ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं तर शेतकरी बाप दोन वाक्यांत आटोपतो. त्याला रानात न्यावं. गटाच्या एका कोपऱ्यापासून बांधाबांधाने चालत, फोनवर आवाज मुद्रित करत, अर्धा तास. पायाखालची जमीन बोलायला लावते. हा पट्टा चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारा, का, इथे गहू का लोळतो, या टेपावर तूर का घेत नाहीस, हे झाड कोणी लावलं, इथून पाणी कुठे उतरतं. बोअर किती फूट, केसिंग किती, मांजऱ्या खडक कितव्या फुटाला लागला, पाणी कितव्याला, कोणत्या महिन्यात आटतं. साल विचारू नये, खूण विचारावी. बहात्तरच्या आधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी म्हणजे १९९३ ला काय होतं, २०१४ च्या गारपिटीत काय गेलं. सालं मागाहून लावता येतात. मुख्य म्हणजे फसलेलं विचारावं. कोणतं पीक बुडालं, कोणती मोटार दोनदा जळली, कोणती गाय घेऊन पस्तावलात. यशाच्या गोष्टी गावाला पाठ असतात, फसलेल्या गोष्टीत पुढच्याचा पैसा वाचतो.

तोंडी करार सगळ्यांत आधी लिहून घ्यावेत, कारण ते बापाबरोबरच जातात. सामाईक विहिरीची पाळी बघा. थोरल्याला चार दिवस, बाकी दोघांना दोन-दोन, असं कधीतरी ओट्यावर ठरलेलं असतं. ठरलं तेव्हा हिशेब दिवसांचा होता. आता शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी आलटूनपालटून मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. ज्याच्या पाळीत सगळी रात्रपाळी येते त्याचं भांडण तिथे सुरू होतं. पाळी तासांत लिहावी, मोटार जळाली किंवा गाळ काढायचा झाला तर खर्च कोणत्या प्रमाणात हेही लिहावं, वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे ते तपासावं, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. वहिवाटीच्या रस्त्याचंही असंच. बाप होता तोवर शेजाऱ्याने गाडी अडवली नाही, तो गेल्यावर बांध नांगरला. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली जाता येतं. मात्र रस्ता आधीपासून होता हे दाखवावं लागतं. वापर कधीपासून, किती रुंद, कोणकोण जात होतं, हे सांगणारा माणूस गेलेला असतो. त्याच्या हयातीत काढलेले दोन फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्यांचा एक कागद तेव्हा शंभर आठवणींना भारी पडतो.

यावर दोन आक्षेप येतात. एक, हवामानच बदललं, बापाच्या माहितीचा आता काय उपयोग? पाऊस बदलला हे खरं. मातीचा उतार, खडकाची खोली आणि पाण्याची वाट तीच आहे. आणि पाऊस किती बदलला हे कळायलाही आधी तो कसा होता याची कुठेतरी नोंद लागतेच. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: माणसाची आठवण म्हणजे काय खतावणी आहे, माया कुठे गेली? ज्याला अशी नोंद कोरडी वाटते त्याने सातबाऱ्याचा एखादा जुना उतारा, फेरफारांसह, नीट वाचून पाहावा. मुलीच्या लग्नाच्या साली चढलेला बोजा, दुष्काळात विकलेले वीस गुंठे, विहीर झाल्याची नोंद, पाच वर्षांनी उतरलेलं कर्ज. बापाची माया कुठे खर्च झाली ते तिथे साल घालून लिहिलेलं असतं.

हे काम घराघरांवर सोडून भागणार नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायदा २००२ खाली समिती असायला हवी आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, ज्यात स्थानिक वाण, झाडं, जनावरं आणि त्यांच्याबद्दलची लोकांची माहिती येते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आपल्या गावची वही मागून पाहा. तिच्यात शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरलेली आढळली तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. साठी ओलांडलेल्या शेतकरी स्त्री-पुरुषांना दरवर्षी नावानिशी बोलावून, गटवार फिरून ही वही भरायला ग्रामसभेचा एक ठराव पुरतो. शाळेतल्या मुलांना ‘माझा बळीराजा’वर निबंध लिहायला लावण्यापेक्षा त्यांना वाफसा कसा ओळखतात ते आजोबांकडून लिहून आणायला सांगावं. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली होते आणि शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणी शुल्क नाही. अर्जात मात्र वाण कोणी, कुठे, कधीपासून राखला ते लिहावं लागतं आणि तेच बहुतेक घरांत कोणाला सांगता येत नाही.

बांधावरून चालताना आईला मात्र बरोबर घ्यावं. बियाणं कुठल्या कणगीत, कशात मिसळून ठेवलं होतं, कोणत्या वर्षी भुंग्याने खाल्लं, मजुरांना काय कबूल केलं होतं, कोणाचे किती यायचे आहेत, हे बरंचसं तिच्याकडे असतं. शेताच्या कोणत्या तुकड्यात कोणत्या साली काय होतं यावर दोघांचं जमत नसेल तर दोघांचंही लिहून घ्यावं आणि जुन्या सातबाऱ्यातली पीक पाहणी काढून ताडून पाहावं. तिथेही चूक असू शकते, कारण पूर्वी ती कित्येकदा चावडीत बसूनच भरली जात असे.